वाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवताय? या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्याचा, म्हणजे गावातल्या वस्तीचा, ग्रुप मी सात वर्षं सांभाळतेय. सुरुवातीला नियम म्हणून एकच ओळ लिहिली होती, ‘सर्वांनी सभ्य भाषेत बोलावे.’ चूक तिथेच झाली.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर देवळाच्या कमानीवरच्या पाटीचा विषय निघाला, मराठीत की कोंकणीत. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका मुलाने मत दिलं. रात्री अकराला एका काकांचं उत्तर आलं, “तू वर्षातून दोनदा येणार, तुला गावचं काय कळतं?” यात शिवी एकही नाही. पण मुलाने ग्रुप सोडला आणि त्या वर्षी आरतीला घुमट (मातीचं तालवाद्य) घेऊन बसला नाही.

सभ्य कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्याचं वेगळं. म्हणून नियम असा लिहा की मोडला तर सगळ्यांना दिसेल. आमचा आता असा आहे: उत्तर देताना समोरच्याचं घराणं, जात, पक्ष, शिक्षण, तो राहतो कुठे, यातलं काही काढायचं नाही. पाटीवरून हवं तेवढं भांडा.

गोव्यात भाषेचाही नियम लागतोच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली, पण मनातला वाद मिटला नाही. आमच्याकडे बोलणं कोंकणीत, नाटक-कीर्तन मराठीत आणि मेसेज दोन्हींची सरमिसळ. कुणाच्या ‘न-ण’वर किंवा कोंकणी शब्दावर बोट ठेवलं की तो माणूस पुन्हा लिहीत नाही. बायका तर नाहीच. हे मी अजिबात चालू देत नाही.

भांडण पेटल्यावर नवा नियम काढू नका, तो कुणावर तरी नेम धरून केल्यासारखा वाटतो. त्या वेळी सेटिंगमध्ये जाऊन रात्रीपुरता मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनकडे ठेवा आणि सकाळी दोघांना वेगवेगळा फोन करा. ग्रुपमधून काढणं अगदी शेवटी.

नियम घरच्याला आधी लावा. दिराचा मेसेज पुसला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. पण त्यामुळेच पुढे इतरांचे पुसले तेव्हा पक्षपाताचं नाव कुणी काढलं नाही.

पोलिसांच्या भीतीने ॲडमिन व्हायला नको म्हणणारेही भेटतात. सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, त्यात ॲडमिनचा समान हेतू नसेल तर, निव्वळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

आणखी एक चूक, चारचौघांतल्या अपमानाची माफी खासगीत. काकांनी फोनवर मागितली, मुलगा “बरं” म्हणाला आणि विषय तसाच राहिला. मग मी काकांच्या घरी जाऊन बसले. त्यांनी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, त्या मी मुलाला पाठवल्या. यंदा चवथीला घुमट त्याच्याच मांडीवर होतं, शेजारी काका कासाळें (झांज) वाजवत होते.