एसीवर बर्फ धरलाय? मेकॅनिक येण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी मोबाईल हातात घ्या. इनडोअरचं झाकण वर करा, जाळ्या काढा आणि त्यांच्यामागच्या कॉइलवर (हवा गार करणारी नळ्या-पत्र्यांची जाळी) बर्फ नेमका कुठे धरलाय त्याचा फोटो काढा. आउटडोअरचे दोन व्हॉल्व्ह (एक बारीक आणि एक जाड तांब्याची नळी जिथे जोडलेली असते ते) खिडकीतून दिसत असतील तर त्यांचाही घ्या, बाहेर वाकू नका. मेकॅनिक दारात येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि मग 'गॅस कमी झालाय' हे ठरलेलं उत्तर मिळतं. बारीक नळीचा व्हॉल्व्ह आणि कॉइलचा एखादाच पट्टा पांढरा असेल तर गॅसचा संशय रास्त. अख्खी कॉइल पांढरी आणि जाड नळीवरही बर्फ असेल तर बहुधा हवा अडली आहे. दोन-तीन दिवस तसाच चालवला तर मात्र गॅस कमी असतानाही बर्फ सगळीकडे पसरतो, म्हणून फोटोची घाई.

मग कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड, हाय स्पीडवर, दोन-तीन तास. थर जाड असेल तर जास्त वेळ लागेल. ब्लोअर, म्हणजे इनडोअरमधला पंखा, बर्फाला घासून खरखरत असेल तर पंखाही नको; एमसीबी (एसीचा मेन स्विच) पाडा आणि आपसूक वितळू द्या. सुरी, स्क्रू ड्रायव्हर जवळ आणू नका. कॉइलच्या नळीची जाडी अर्धा मिलिमीटरही नसते, एक टोचा पुरतो. 'थोडा वेळ चालवून बघू' हेही नको, कारण गोठलेल्या कॉइलमधून द्रवरूप गॅस परत जाऊन कॉम्प्रेसर बिघडू शकतो.

खाली बादली आणि जुने टॉवेल हवेत. कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेबाहेर आलेला बर्फ थेट भिंतीवरून ओघळतो. पलंग, टीव्ही, एक्स्टेन्शन बोर्ड आधीच बाजूला करा.

तोवर जाळ्या नळाखाली धुऊन सावलीत वाळवा. मग टॉर्च घेऊन हवा बाहेर पडते त्या फटीतून ब्लोअरकडे बघा. पात्यांच्या खाचांत काळा, ओलसर राप बसलेला दिसला तर जाळ्या चकाचक असूनही बर्फ का धरतो ते कळेल. हे फडक्याने निघत नाही; पंपाने पाणी मारून वेट सर्व्हिस करावी लागते, राप फार असेल तर ब्लोअर खोलून. पावसाळी रात्री १८ वर सेटिंग, पंखा लो आणि समोर जाड पडदा असेल तर ठणठणीत एसीही गोठू शकतो. २४ ते २६ आणि पंखा ऑटोवर ठेवा.

मेकॅनिकसाठी शिडी, पाण्याचा नळ, ग्रिलची किल्ली, वॉरंटी कार्ड आणि आउटडोअरवरच्या पट्टीचा फोटो तयार असू द्या. पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याने गॅसचा दाब मोजायचा गेज लावला की आकडा विचारा: कॉइल शून्य अंशाला पोचते ती आर २२ गॅसमध्ये साधारण ५८ पीएसआय दाबाला, आर ३२ मध्ये सुमारे १०३ ला. एसी चालू असताना काटा त्याखाली राहिला तर बर्फ धरणारच. पण हवा अडली तरी काटा खाली येतो, म्हणून आधी सफाई, मग गेज.

गॅस काही पेट्रोल नाही, वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी फ्लेअर नटांना (नळ्यांच्या जोडांवरचे नट) साबणाचा फेस लावून बघायला सांगा. तिथे बुडबुडा नसेल तर नायट्रोजन भरून तपासणी. गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढायची, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस. 'टॉप-अप करून देतो' म्हणणाऱ्याला थांबवा. आर ३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो सिस्टिममध्ये असताना वेल्डिंगची ज्योत चालणार नाही.

काम झालं की पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक पडायला हवा, आणि जाड नळीवर नुसता घाम. ती पांढरी पडू लागली तर पैसे देण्याआधीच दाखवा.