खोल समुद्रातले पक्षी बघायला बोटीने जाताना

किनाऱ्यावर दिसणारे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या घराची ओसरी. पेट्रेल, शिअरवॉटर, अल्बाट्रॉस ही आतली मंडळी जमिनीवर येतात ती अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला. एरवी त्यांना भेटायचं तर बोटीत बसावं लागतं.

बोट ठरवताना आधी एकच विचारा: किती आत जाणार? समुद्राचा तळ साधारण २०० मीटर खोलीनंतर एकदम खाली उतरत जातो. अशा कडेला बऱ्याच ठिकाणी खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), प्लवकावर मासे आणि माशांवर पक्षी. ही कड कुठे किनाऱ्याजवळ असते, कुठे शंभराहून जास्त किलोमीटर लांब. किनारा दिसेनासा व्हायच्या आत वळणाऱ्या बोटीवर कुरवच बघून परताल. शिवाय पक्षी दिसल्यावर तांडेल बोट थांबवेल का, हेही विचारून ठेवा. हवामानामुळे सफर रद्द होणं नेहमीचंच, तेव्हा एखादा दिवस हाताशी राखून ठेवा. वारा अगदी पडलेला असला तरी फार खूश होऊ नका. अल्बाट्रॉस वाऱ्याच्या जोरावर तरंगतो. वारा नसला की पाण्यावर बसून राहतो.

आता बोट लागण्याबद्दल. ‘मला नाही लागत’ म्हणणारे सगळ्यात आधी कठड्याला टेकतात, मीही त्यांतलाच. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. गोळीने किती झोप येते, ते आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहिलेलं बरं. सकाळी थोडं, कोरडं काहीतरी खा. रिकाम्या पोटी त्रास वाढतो. बोटीच्या मध्यापासून जरा मागे उभे राहा, तिथे हेलकावे कमी बसतात. नजर क्षितिजावर ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मान घालून फोटो तपासत बसणं म्हणजे उलटीला आमंत्रण. मळमळलंच तर वारा पाठीवर येईल अशा बाजूच्या कठड्याशी जा, बंद संडासात नको.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण बोटीचा प्रत्येक हिसकाही दहापट करते. टेलिस्कोप घरीच ठेवा. काचेवर खारे शिंतोडे उडतील. ते कोरड्या फडक्याने पुसलेत तर मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात, म्हणून गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं जवळ असू द्या. जॅकेट पाणी न शिरणारं हवं आणि बूट न घसरणारे.

‘तो बघा, तिथे!’ असं ओरडून काही उपयोग नाही, समुद्रात ‘तिथे’ म्हणजे कुठेही. बोट म्हणजे घड्याळ समजा: नाळ (पुढचं टोक) बाराला, मागचं टोक सहाला, उजवी बाजू तीनला. ‘दोन वाजता, क्षितिजाच्या जरा खाली, डावीकडे चाललाय’ एवढं म्हटलं की सगळ्यांच्या माना बरोबर वळतात.

दुर्बीण सतत डोळ्याला लावून बसू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाखालचा पट्टा चाळायचा. रंग लांबून फसवतात. ओळख पटते ती उडण्याच्या ढबीवरून. कुरव आरामात पंख हलवत जातो. शिअरवॉटर चार-दोनदा पंख मारतो आणि मग ताठ पंखांनी लाटेच्या अंगाला लागून घसरत जातो. बऱ्याच जाती कलता कलता एकदा काळी पाठ, एकदा पांढरं पोट दाखवतात. एखाद्या सुरयमागे दुसरा तपकिरी, दणकट पक्षी हात धुऊन लागला असेल, तर तो बहुधा स्कुआ. सुरयने चोचीतला मासा टाकेपर्यंत तो पिच्छा सोडत नाही.

काही बोटी माशांचे तुकडे आणि तेल पाण्यात टाकतात. काही ठिकाणी याला मनाई असते, ते आधी विचारा. पेट्रेलना वास फार लांबून येतो आणि ते वासाच्या मागावर वाऱ्याविरुद्ध उडत येतात. म्हणून वारा जिकडे वाहतोय तिकडे बघत राहा. पहिली काही मिनिटं काहीच नसतं. मग तेलाच्या तवंगावर चिमणीपेक्षा जेमतेम मोठा काळा ठिपका हेलपाटत येतो. पांढरी कंबर, लोंबते पाय, आणि त्या पायांनी पाण्यावर टप् टप् चालल्यासारखी उडी. हा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. अगदी कठड्याजवळ आला तर बोटांमधला पिवळा पडदाही दिसतो.

वाहून आलेले ओंडके आणि फळ्याही न्याहाळा, त्यांवर सुरय विसावलेले असतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर दर तासाला नवी यादी सुरू करा. बोट तासाभरात कुठल्या कुठे जाते. फोटो धूसर आला तरी पुसू नका. पंखाची खालची बाजू आणि कंबर दिसत असली तरी पक्षी नंतर ओळखता येतो.

परतल्यावर लगेच गाडी चालवू नका, गोळीची गुंगी असते. रात्री अंथरुण हेलकावतंय असं वाटेल. सहसा सकाळपर्यंत ते थांबतं.