ठणकत्या दाढेचं रूट कॅनाल: भूल नीट चढावी म्हणून करायची तयारी

सर्वांत आधी अपॉइंटमेंट घ्या आणि ती पुढे ढकलू नका. आपल्याकडे लावणी उरकू दे, गणपती होऊ देत, चाकरमानी परत गेले की बघू, असं म्हणत दाढदुखी अंगावर काढली जाते. लवंगेचं तेल, मशेरी आणि मेडिकलमधल्या गोळीवर दिवस निघतात. पण आतली नस जितकी सुजलेली, तितकी दाढ भुलीला दाद देत नाही. लिग्नोकेन हे भुलीचं औषध नसेतल्या सोडियमच्या वाटा बंद करतं, म्हणून दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही. सुजलेल्या नसेत या वाटा वाढतात, त्यांची जातही बदलते, आणि त्यातल्या काही लिग्नोकेनला सहज बधत नाहीत. त्यात दाढ खालची असेल तर काम आणखी अवघड. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असल्याने हिरडीजवळ दिलेलं औषध मुळांपर्यंत झिरपतं. खालच्या मोठ्या दाढांभोवतीचं हाड जाड. तिथे सुई पार मागे, नस जबड्याच्या हाडात शिरते त्या जागी द्यावी लागते, आणि दाढ ठणकत असताना ही एकच सुई पुष्कळदा पुरत नाही. आपणच भित्रे म्हणून दुखलं, असं मनाला लावून घेतलेले कितीतरी पेशंट मी पाहिले आहेत. तो दोष त्यांचा नव्हे.

अँटिबायोटिकचा कोर्स करून मग जाऊ, हा बेतही सोडून द्या. गालावर सूज नाही, ताप नाही, नुसता ठणका आहे, तर अँटिबायोटिकने तो थांबत नाही आणि भूलही जास्त चढत नाही. हातचे चार-पाच दिवस मात्र जातात. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. रंगावरून गोळी ओळखता येत नाही. बीपीची, साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पूर्वी दाताच्या सुईनंतर छाती धडधडली असेल, तर तेही सांगा. बऱ्याच जणांच्या मनात ‘मला भूल चालत नाही’ असं त्यामुळे कायमचं बसतं. सुईत लिग्नोकेनसोबत बहुधा अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्याने नाडी थोडा वेळ वाढते आणि खाली येते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर पित्त उठलं असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर गोष्ट वेगळी, आणि ती पहिल्यांदा सांगायची.

आता गोळीचं. खालच्या दाढेची भूल जास्त हमखास चढावी म्हणून सुईच्या साधारण तासभर आधी आयबुप्रोफेन ४०० ते ६०० मिलिग्रॅम घेण्याचा उपयोग होतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. सूज वाढवणारी द्रव्यं शरीरात कमी तयार होतात आणि नस थोडी निवते. त्यामुळे त्या सकाळी दुखत नसलं तरी ही गोळी टाळू नका. पण आदल्या दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारूनच घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल, तर ती परस्पर घ्यायची नाही. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आधीच असतं, तेव्हा दोन्ही एकदम नकोत. आणि पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं: शेतातल्या पाण्यात काम करून ताप आला असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक काहीच घेऊ नका. लेप्टो (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) मूत्रपिंडावर जातो, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो. आधी ताप दाखवा.

उपाशी जाऊ नका. पेज किंवा मऊ भात खाऊन निघा, गोळी त्यावरच घ्या. गुहागरहून चिपळूणला एसटीने जायचं किंवा धोपाव्याची फेरीबोट धरून दाभोळला उतरायचं, तर वेळ हाताशी ठेवा. धावतपळत पोचलेला, रात्रभर न झोपलेला, घाबरलेला माणूस खुर्चीत बसला की दुखणं जास्त जाणवतं. सोबत कोणी असलेलं बरं.

खुर्चीतला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नाही. ओठ पूर्ण बधिर असूनही आतली नस जागी असू शकते. म्हणून सुईनंतर १०-१५ मिनिटं थांबायला मागा आणि ड्रिल लावण्याआधी थंड बोळ्याने दाढ तपासायला सांगा. थंड लागलं तर लागलं म्हणा, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. तेवढ्यावर काम अडत नाही. गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध देता येतं, दात आणि हाडामधल्या फटीत बारीक सुई देता येते, साधन असेल तर थेट हाडातही. नस उघडल्यावर तिच्यातच औषध देण्याची पद्धत शेवटची: क्षणभर जोरात कळ येते, मग शांत होतं. ती देण्याआधी तसं सांगा, एवढं डॉक्टरांना आधीच म्हणून ठेवा. डावा हात वर केला की थांबायचं, हेही ठरवून घ्या.

परतताना गाल दोन-चार तास जड राहील, तोवर गरम कालवण नको आणि ओठ चावला जाणार नाही याकडे लक्ष असू द्या. निघण्याआधी कोणत्या सुईने दाढ बधिर झाली ते केस पेपरवर लिहून मागा आणि पुढच्या सिटिंगला तो कागद न्या. दुसरे डॉक्टर बसले असले तरी त्यांना त्याचा उपयोग होईल.