कोरडा खोकला हटत नाही? या चुका टाळा

औषधाच्या दुकानात रोज ऐकतो ते मागणं एकच: "खोकल्याची एखादी स्ट्राँग बाटली द्या." कधीपासून खोकताय विचारलं, की उत्तर येतं, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." अहो, बाटलीच्या नावापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे!

सर्दी-फ्लू गेल्यावर कोरडी ढास तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकते. व्हायरसच्या खोकल्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी तिसऱ्या दिवशी बाटली बदलायची आणि पाचव्या दिवशी "मागच्या वेळच्या त्या गोळ्या" मागायच्या, हा उतावळेपणा मला पटत नाही. मी स्वतः कोमट पाणी आणि रात्री चमचाभर मध यावरच भागवतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नका.

सगळ्यात जास्त नडते ती चूक म्हणजे चालू गोळ्या न सांगणं. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर कित्येक महिने खोकत होते. बोलायला तोंड उघडलं की घशात खवखव, मग ढास. एक्स-रे स्वच्छ. काढे झाले, सिरपं झाली. एकदा बीपीच्या गोळ्या न्यायला आले, तेव्हा हातात रॅमिप्रिलची रिकामी पट्टी होती. "मास्तर, ही कधी सुरू झाली?" "दिवाळीनंतर." खोकलाही दिवाळीनंतरचाच! रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो आणि तो सिरपने जात नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी बदलून टेल्मिसार्टन मिळाली आणि महिनाभरात ढास थांबली. पण बीपीची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

मोठ्यांचं सिरप अर्धं झाकण करून मुलांना पाजणं थांबवा. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, हे केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय.

"बेडका पडत नाही, म्हणजे टीबी नाही" हा समज चुकीचा आहे. खोकल्याला दोन आठवडे झाले की तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. संध्याकाळी ताप, रात्री घाम किंवा वजनात घट असेल तर दोन आठवडेही थांबू नका. थुंकीत रक्त, धाप किंवा छातीत दुखणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल इतकी धाप लागली, तर रात्री दोन वाजलेले असले तरी १०८ला फोन करा.