रनेहला जाताय? या चुका तरी करू नका

आमच्या लष्करात (ग्वाल्हेरचा लष्कर भाग, फौज नव्हे) कुणाचं पन्ना-खजुराहो ठरलं की फोन मला येतो. 'मावशी, तुम्ही तर दरवर्षी जाता, जरा सांगा ना.' मी सांगते. समोरचा 'हो, हो' म्हणतो आणि आठवड्यानं परत येऊन त्याच रडकथा ऐकवतो. धबधब्याला पाणीच नव्हतं, वाघ दिसला नाही, गेटवरून परत पाठवलं. मला आता कंटाळा आलाय. लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी घसा कोरडा करायला नको.

घोळ नावापासूनच सुरू होतो. मध्य प्रदेशातलं वाघांचं पन्ना राष्ट्रीय उद्यान वेगळं, रनेहचा धबधबा वेगळा. केन नदी उद्यानातून साधारण ५५ किलोमीटर वाहते आणि पुढे खजुराहोच्या बाजूला रनेहची घळई लागते, ती केन घडियाल अभयारण्यात (घडियाल म्हणजे मगरीचा लांब तोंडाचा भाऊबंद). नदी एकच, पण दारं वेगळी, तिकिटं वेगळी, वेळाही वेगळ्या. सफारीच्या पैशांत रनेह 'धरलेलं' नसतं. एवढं कळलं तरी गाडीतली निम्मी भांडणं मिटतील.

पाणी बघायला जाणं

उद्यानाचा कोअर भाग (आतलं मुख्य जंगल) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. म्हणजे रनेहला पाणी धो-धो असतं तेव्हा सफारी नाही, आणि मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर येतात म्हणून सगळे धावतात तेव्हा रनेहला करंगळीएवढी धार. दोन्ही एकदम हवं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. उद्यान नुकतं उघडलेलं असतं, नदीत जीव असतो आणि झाडं अजून हिरवी असतात. मात्र गवतही कमरेएवढं वाढलेलं असतं, त्यामुळे जनावर कमी दिसतं. सगळं एकाच ताटात मिळत नाही.

माझं म्हणाल तर मी फेब्रुवारीत जाते आणि पाण्याचा विचारच करत नाही. रनेहला लोक धबधबा म्हणून जातात, तिथेच गाडी चुकते. बघायचाय तो दगड. सुमारे ५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ३० मीटर खोल घळई, सगळी ग्रॅनाइटमधली. गुलाबी, तांबूस, राखाडी, आणि मधूनच काळ्या पाषाणाची पट्टी गेलेली, कुणी कुंचला ओढावा तशी. हा बुंदेलखंडचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. झाशीच्या रस्त्यावर दुतर्फा ज्या हत्तीएवढ्या शिळा दिसतात, त्या याच घराण्यातल्या. पावसाळ्यात पूर मोठा असला की हे सगळं गढूळ पाण्याखाली जातं आणि दिसतो तो नुसता चहा.

आणि दुपारी बाराला पोहोचू नका. त्या वेळी सगळा दगड पांढुरका दिसतो. चार वाजता ऊन तिरपं झालं की गुलाबी वर येतो. आमच्या मंडळातली एक वहिनी बारा वाजता जाऊन आली आणि 'फोटोत खोटा रंग भरतात' असं सांगत फिरली. दुसऱ्या वर्षी मी तिला चारला नेऊन उभं केलं. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

कठड्यापलीकडे उतरणं

हे जरा सविस्तर सांगते, कारण याच्यापायी मी एकदा हात-पाय गार पडणं म्हणजे काय ते अनुभवलंय.

चार वर्षांपूर्वी पुण्याचा भाचा आला होता. सह्याद्रीतले गड चढणारा, नवे महागडे बूट घातलेला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. गाइडनं बजावलं होतं, कठड्याच्या आतच थांबा. आम्ही थर्मासमधून चहा ओततोय तोवर हा पलीकडे. 'मावशी, दगड कोरडा आहे, काळजी करू नकोस.' दगड कोरडा होता हे खरं. पण आठवड्यापूर्वीपर्यंत त्यावरून पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यातलं शेवाळ वाळून त्याचा पापुद्रा झाला होता, पिठाच्या डब्याच्या तळाला राहतो तसा. त्यावर त्यानं टाच टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. तो बसला आणि बसल्या-बसल्याच पाच-सहा फूट खाली गेला.

नशीब असं की खाली एक खळगा होता. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील त्यांना कळेल. पाण्यानं दगडगोटे गरगरा फिरवून कोरलेली वाटी. त्यात त्याचे पाय अडकले. त्याच्यापुढे मात्र सरळ खोली होती. खिशातला फोन निसटला तो निसटलाच, दोनदा दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मग गप्प. गाइड ओरडला नाही, धावलाही नाही. पालथा पडला, आपला गमछा सोडून पिळून दोरीसारखा केला आणि खाली टाकला. आमच्या ड्रायव्हरला त्यानं स्वतःचे घोटे धरायला लावले. भाचा वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघालेली. माझ्या हातात अजून थर्मास होता, आणि चहा सगळा माझ्या चपलेवर.

नंतर विचार केला तेव्हा वाटलं, चूक एकट्या त्याची नव्हती, सवयीची होती. सह्याद्रीचा कातळ खडबडीत. आपला ग्वाल्हेरचा किल्लाही वालुकाश्मावर उभा. तिथे लहानपणापासून अनवाणी पळालेले आपण. वालुकाश्म खरखरीत असतो, पाय धरतो. नदीनं घासलेला ग्रॅनाइट बाथरूमच्या फरशीसारखा असतो, तो कुणालाही धरत नाही, बूट कितीही महाग असोत. म्हणून माझा नियम साधा : पाण्यानं गुळगुळीत केलेल्या दगडावर मी उभीच राहत नाही. कठड्यापाशी बसते. दुर्बीण घेऊन अर्धा तास बसलं तर खाली वाळूवर मगर दिसते, नशीब असेल तर घडियालही. दोन्हींत फरक कसा करायचा? घडियालाचा जबडा चिमट्यासारखा लांब आणि निमुळता, वाढलेल्या नराच्या नाकपुडीवर घड्यासारखा गोळा, त्यावरूनच नाव पडलं. मगरीचं तोंड रुंद. हे बघितल्यावर 'खाली पाण्यात पाय बुडवून येऊ का' असं कुणी विचारत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये तर वाळूवर उतरण्याचा विचारही नको. घडियालाची मादी त्याच वाळूत अंडी घालते.

'गेटवर होऊन जाईल'

हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधतेय मी.

सफारीचं परमिट नावानिशी निघतं. नाव ज्याचं, ओळखपत्र त्याचं, आणि तेही बुकिंगला जे दिलं तेच. आयत्या वेळी आत्याच्या जागी काका चालत नाही. एका वर्षी आमच्यातल्या एकानं स्वस्तात पडतं म्हणून ओळखीच्या माणसाकरवी बुकिंग केलं. सकाळी साडेपाचला उद्यानाच्या मडला गेटवर सहा जण उभे, परमिटवर नावं चौघांची, त्यातली दोन भलत्याच कुणाची. त्या ओळखीच्या माणसाचा फोन बंद. शेवटी चौघांना गाडीतच झोप काढावी लागली, आणि जे दोघे आत गेले त्यांनी परत आल्यावर अस्वल दिसल्याचं इतक्या वेळा सांगितलं की दिवसभर कुणी कुणाशी धड बोललं नाही.

सरकारी पोर्टलवर स्वतः बसा, नावं आधारवर आहेत तश्शी भरा, मूळ कार्डं एका पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या सर्वांत चिकट माणसाकडे द्या. आमच्याकडे ती मी आहे. आणि बुधवारी दुपारची सफारी नसते. हे मी आतापर्यंत किमान पंधरा जणांना सांगितलंय, त्यातले तिघे बुधवारीच गेले.

'भैया, आगे चलो'

उद्यानाच्या दुसऱ्या, हिनौता गेटनं आत गेलात तर पठारावर धुंधुवा सेहा लागतो. सेहा म्हणजे बुंदेलीत घळई, दरी. जमीन एकदम तुटते, आणि समोरच्या कड्याच्या कपारीकपारीत गिधाडं. काही बसलेली, काही तुमच्या पायांखालून उडत जाणारी. गिधाडाची पाठ वरून बघायला मिळते अशा जागा फार नाहीत. आणि मागच्या जिप्सीतून (सफारीची उघडी गाडी) आवाज येतो, 'भैया, आगे चलो, टायगर दिखाओ.'

या लोकांना कुणीतरी सांगायला हवं की २००९ मध्ये या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हाहून वाघिणी आणल्या, पेंचहून नर आणला. तो नर पन्ना सोडून परत घराच्या दिशेनं चालू लागला, त्याला पुन्हा धरून आणावं लागलं. २०१० च्या एप्रिलात पिल्लं झाली आणि तिथून आजचे वाघ. उन्हाळ्यात या सेह्यांच्या गारव्याला, कपारींना वाघही येऊन पडतात. म्हणजे ज्या जागेवरून तुम्ही 'आगे चलो' म्हणता तिथेच, खाली, तो असू शकतो. मी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवते : इथे वीस मिनिटं थांबायचं, कुणी काही म्हणो.

बाकी चुका एकेका ओळीत. थंडीत उघड्या जिप्सीत नुसतं जॅकेट घालून बसणं. मी सरळ घरची दुलई नेते, हसणारे अर्ध्या तासानं तिच्यात शिरतात. भडक लाल-पिवळे कपडे. अत्तर. पाण्याची एकच बाटली चौघांत. माकडांसमोर गजकेचा (तीळ-गुळाच्या कुरकुरीत वड्यांचा) डबा उघडणं. मुरैन्याची गजक गेली, डबाही गेला. पन्नाजवळच्या पांडव फॉल धबधब्याच्या पायऱ्या उतरताना म्हाताऱ्या माणसांना 'जवळच आहे' सांगणं. उतरणं जवळ असतं, चढणं नसतं.

राहिला प्रवास. ग्वाल्हेरहून खजुराहो २८० किलोमीटरच्या आसपास, झाशी-छतरपूरवरून. 'सकाळी आठला निघू, दुपारची सफारी पकडू' हा हिशेब घरीच फाडून टाका. मडला गेट खजुराहोहून आणखी २५ एक किलोमीटर, हिनौता त्याहून लांब, आणि झाशी पार करेपर्यंत कुणाला तरी चहा हवाच असतो. आदल्या दिवशी जा, रात्री खजुराहोत टेका. उदयपूर-खजुराहो गाडी ग्वाल्हेरवरून जाते, मला ती बरी वाटते. गाडीत झोपता येतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात स्टेअरिंगवर कोण बसणार यावरून वाद होत नाही.

मोटारीनं गेलातच तर परतताना छतरपूर दिवसाउजेडी सोडा. संध्याकाळनंतर रस्त्यात गाई बसलेल्या असतात, काळ्या डांबरावर काळ्या गाई, आणि हॉर्न वाजवला तरी उठत नाहीत. आम्ही उशीर झाला तर झाशीला मुक्काम करतो. भाचा आता स्वतःहून विचारतो, 'मावशी, झाशीची खोली सांगितली का?'