ग्वाल्हेरच्या दंतकथा आणि भुताटकीच्या जागा वहीत कशा उतरवाव्यात

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचे पुढे शहर झाले आणि आजही ते लष्कर याच नावाने ओळखले जाते. मराठी घराणी इथे वसली तेव्हा देवघरातल्या टाकांबरोबर त्यांच्या गोष्टींमधला मुंजा, हडळ आणि वेताळही आले, आणि इथल्या जिन्न-चुडैलींच्या गोष्टींत मिसळून गेले. ही सरमिसळ ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी आता थकली आहे. म्हणून ज्यांना या गोष्टी टिपून ठेवायच्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक नियम मात्र आरंभापासून पाळावा: जे ऐकले ते वहीच्या डाव्या पानावर लिहावे, जे पाहिले किंवा वाचले ते उजव्या पानावर, आणि उजव्या पानाच्या भरवशावर डावे पान कधीही खोडू नये.

सुरुवात घरापासून करावी. “इथे भूत आहे का?” असे थेट विचारले की वडीलधारी माणसे एक तर हसून विषय टाळतात किंवा आपल्याला आवडेल असे काहीतरी सांगतात. त्याऐवजी “लहानपणी तिन्हीसांजेनंतर तुम्हाला कुठल्या वाटेने जाऊ देत नसत?” असे विचारावे. एवढ्या प्रश्नाने पिंपळ, बावडी, पडकी भिंत, बंद ठेवलेली खोली, सगळे आपोआप बाहेर येते. मग ही गोष्ट त्यांनी कोणाकडून ऐकली, तेव्हा त्यांचे वय काय होते आणि सांगणाऱ्याने ती मराठीत सांगितली की हिंदीत, हे विचारून घ्यावे. भाषेचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, ही कल्पना आपल्याबरोबर आलेली आहे. एखादा हिंदी भाषक शेजारी त्याच पिंपळाबद्दल सांगताना मुंजाऐवजी जिन्न म्हणाला, तर एका झाडाच्या दोन गोष्टी हाती लागतात आणि दोन्ही लिहायच्या असतात.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. आमच्या आजीने वाड्यामागच्या बावडीची गोष्ट सांगितली तेव्हा मी ती घरी येऊन शुद्ध मराठीत नीटनेटकी लिहून काढली. आजी म्हणाली होती, “पाणी बोलायचं रे, पण रिकामा घडा नेला तरच.” मी लिहिले, “विहिरीतून आवाज येत असत.” रिकाम्या घड्याची अट गेली आणि तिच्याबरोबर गोष्टही गेली. आजी आता नाही, त्यामुळे ती अट का होती हे विचारायचे राहिले ते कायमचेच. तेव्हापासून मी सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रण करतो, आणि वहीत त्याचेच शब्द, त्यातल्या हिंदीसकट, जसेच्या तसे उतरवतो.

घरानंतर रस्ता. अचलेश्वर महादेवाचे देऊळ भर रस्त्यात आहे, आणि ते तिथे का आहे याची गोष्ट ग्वाल्हेरात बहुतेकांना ठाऊक असते: वाट मोकळी करण्यासाठी शिंदे सरकारने पिंडी हलवायला सांगितले, खणूनही तळ लागेना, शेवटी साखळदंड बांधून हत्तींना ओढायला लावले, तरी ती जागची हलली नाही, म्हणून नाव अचलनाथ. ही गोष्ट किमान तिघांकडून वेगवेगळी ऐकावी. राजाचे नाव, हत्तींची संख्या आणि साखळी तुटली की नाही, यांत फरक पडला तर तो फरक तसाच नोंदवावा. सरासरी काढून एकच गोष्ट बनवू नये. मग जयविलास महालाची गोष्ट तिच्याशेजारी ठेवून पाहावी. १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या महालाच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत आणि ती टांगण्याआधी छत पेलते का हे पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढवले होते, असे सांगतात. कोणी आठ हत्ती म्हणतो, कोणी दहा. एका गोष्टीत हत्ती जिंकतात, दुसरीत हरतात. या शहराच्या आठवणीत वजनाचे आणि सत्तेचे माप हत्ती आहे, हे अशा दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावरच दिसते.

किल्ल्यावर जाताना पूर्वेकडच्या चढणीने पायी जावे, कारण वाटेत कड्यात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. ते लहान आहे, आणि गाडीची वाट दुसऱ्या बाजूने असल्यामुळे गाडीने जाणाऱ्याला दिसतही नाही. आतल्या शिलालेखात, म्हणजे इ. स. ८७६ च्या लेखात, देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात दिली आहे, शिवाय रोजच्या ५० माळांची सोय लावली आहे. २७० मधले आणि ५० मधले शून्य आजच्यासारखेच बारीक वर्तुळ आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहिले तर ते सापडते. दगड वाचायची सवय इथे लावून घ्यावी, कारण पुढच्या गोष्टींना ती लागते.

सूरजकुंडाची कथा घ्या. सूरजसेन नावाच्या राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा ऋषींनी या कुंडाच्या पाण्याने बरा केला, त्यांच्या नावावरून गडाला नाव मिळाले, आणि वंशजांनी ‘पाल’ हे उपनाव टाकले की राज्य जाईल असे ऋषींनी बजावले. हे डाव्या पानावर. उजव्या पानावर याच किल्ल्यावर सापडलेला सहाव्या शतकातला शिलालेख: हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षात मातृचेट नावाच्या माणसाने ‘गोप’ पर्वतावर सूर्यमंदिर बांधले. गोप म्हणजे गवळी, ग्वाल. ऋषी होते की नव्हते हे दगड सांगत नाही, पण सूर्य आणि गोप ही दोन्ही नावे या डोंगरावर किती जुनी आहेत हे सांगतो.

मानमंदिराच्या तळघरात मात्र आधी इतिहास वाचून उतरावे. मानसिंह तोमराने बांधलेल्या या महालाच्या गोल तळमजल्यांचा मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर ठार मारले. खाली वटवाघळांचा वास, झडपल्यासारखा गार वारा आणि आपल्याच पावलांचा उलटून येणारा आवाज असतो. कोणाला तिथे कोणी उभे दिसले असे सांगितले गेले तर ऐकून घ्यावे आणि लिहावे. पण जौहरकुंडावर, जिथे १२३२ मध्ये दिल्लीच्या सुलतान अल्तमशने किल्ला घेताना स्त्रियांनी अग्निप्रवेश केल्याचे सांगतात, तिथे किंकाळ्यांच्या गोष्टी उकरून काढण्यासाठी लोकांच्या मागे लागू नये. ती शोकाची जागा आहे.

सगळ्यांत मोठा दिवस काकनमठासाठी राखून ठेवावा. मुरैना जिल्ह्यातल्या सिहोनिया गावाबाहेर सुमारे ३० मीटर उंचीचे हे शिवमंदिर आहे, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले. बाहेरचे आच्छादन गळून पडल्यामुळे आतले दगड उघडे पडून बाहेर डोकावतात, आणि आता कोसळेल असे वाटत असतानाच ते उभे आहे. भुतांनी एका रात्रीत बांधले आणि पहाट झाली म्हणून अर्धवट सोडून गेले, असे सांगतात. महाराष्ट्रात हेमाडपंती देवळांबद्दल हीच गोष्ट पांडवांच्या नावाने ऐकलेली असते, म्हणून इथे फरक टिपावा: काम कशाने थांबले, कोंबडा आरवला म्हणून, जात्याची घरघर ऐकू आली म्हणून, की आणखी कशाने? घरी परतल्यावर किल्ल्यावरच्या सासबहू मंदिराचा १०९३ चा लेख पाहावा. त्यात कच्छपघात राजा कीर्तिराजाने सिंहपाणीय येथे पार्वतीपतीचे अद्भुत मंदिर बांधल्याचे म्हटले आहे, आणि सिंहपाणीय म्हणजेच सिहोनिया. बांधणाऱ्याचे नाव सापडले म्हणून भुते खोटी ठरवायची घाई करू नये. राजाचे नाव विसरले गेल्यावरही दगड पाहून माणसांना नवल वाटतच राहिले, ते या गोष्टीत साठले आहे. देवळात सुट्या दगडांवर चढू नये आणि काळोख पडायच्या आत परतावे.

गंगाजळीची, म्हणजे शिंद्यांच्या गुप्त खजिन्याची, गोष्ट टिपताना सावध राहावे. जयाजीराव शिंदे १८८६ मध्ये वारले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव नऊ वर्षांचे होते, आणि किल्ल्यातल्या खजिन्याचे बीजक मुलाला न सांगताच ते गेले, असे सांगतात. ही कथा ऐकून भिंती ठोकून पाहणारे, खणू पाहणारे लोक भेटतात. संरक्षित स्मारकाला इजा करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशांना जागेचा नेमका ठावठिकाणा पुरवू नये. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, तिथेही खाली पडलेले पान उचलावे, फांदी ओरबाडू नये.

ज्या घरात आज माणसे राहतात ते ‘झपाटलेले’ म्हणून पत्त्यासह कधीही लिहू नये. भाडेकरू मिळत नाही, मुलींची लग्ने अडतात. एखाद्या बाईला कोणी चेटकीण म्हणाले तर ते नाव वहीत येता कामा नये, मग ती बाई हयात असो वा नसो.

शेवटी वही घेऊन सांगणाऱ्याकडे पुन्हा जावे आणि त्याचे डावे पान त्यालाच वाचून दाखवावे. लष्करातल्या एका काकूंना मी अचलनाथाची त्यांचीच गोष्ट अशी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “हत्ती हरला नाही रे,” त्या म्हणाल्या, “त्यानं गुडघे टेकले.” मी ते वाक्य तारखेसह त्याच पानाखाली लिहून घेतले.