कापूस की रुई? भारत-चीन तुलनेचा माझा पहिला तक्ता

अर्थशास्त्रात एम.ए. करताना मी प्रबंधासाठी विषय घेतला : भारत आणि चीनमध्ये कापसाच्या भावाला मिळणारा सरकारी आधार, 2008 ते 2018. नागपुरात राहून दुसरं कोणतं पीक सुचणार? संत्र्याला तर हमीभावच नाही.

महिनाभरात आकडे जमवले. 2013-14 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा आपला हमीभाव क्विंटलला 4000 रुपये, म्हणजे किलोला 40. त्याच हंगामात चीन सरकार राखीव साठ्यासाठी टनाला 20,400 युआन मोजत होतं. युआन तेव्हा साधारण 10 रुपयांचा, म्हणजे किलोला 204 रुपये. पाचपट! मी निष्कर्षाचं प्रकरणही लिहायला घेतलं होतं.

सावनेरकडे ओळखीच्या एका काकांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तक्ता पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “पोरी, हा भाव कापसाचा आहे का रुईचा?” मग ढिगातून मूठभर कापूस उचलला, रुई ओढून काढली आणि सरकीचे चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. “शंभर किलोत चौतीसच्या आसपास रुई. बाकी हे.”

आपला हमीभाव कापसाचा, चीनचा भाव रुईचा. 4000 ला 34 ने भागलं की किलोमागे साधारण 118 रुपये येतात. त्यातून सरकीचे पैसे वजा जायचे, जिनिंगचा खर्च मिळवायचा. चीनचा भाव तरीही वरच राहतो, पण पाचपट नाही. मराठीत सरळ दोन शब्द आहेत. आकडेवारीच्या फायलींमध्ये दोन्हींचं नाव ‘कॉटन’. त्यामुळे फाईल उघडली की आधी मोजमापाचा रकाना वाचा.

आधार मोजायच्या सूत्राला घाबरू नका. शेतकऱ्याला मिळालेला भाव वजा संदर्भ भाव (म्हणजे तुलनेसाठी धरलेला बाहेरचा भाव), गुणिले उत्पादन. भांडण आहे ते संदर्भ भावाचं. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना त्या-त्या वर्षाचा आंतरराष्ट्रीय भाव धरते. डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबात भारताचा संदर्भ भाव 1986-88 ला गोठलेला, चीनचा 1996-98 ला. शिवाय शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेल्या भावाऐवजी सरकारने जाहीर केलेला भाव धरतात. म्हणून एकाच देशाची बेरीज एका तक्त्यात अधिक आणि दुसऱ्यात उणे दिसते. ओईसीडी आणि दिल्लीची संशोधन संस्था इक्रियर यांच्या 2018 च्या अहवालात 2000-01 ते 2016-17 या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार शेतीच्या ढोबळ मिळकतीच्या सरासरी उणे 14 टक्के निघाला होता. वर्गात हे सांगितलं तेव्हा निम्म्यांना छपाईची चूक वाटली.

उणे कसं, ते कापसातच दिसतं. मार्च 2012 मध्ये केंद्राने कापसाची निर्यात अचानक थांबवली. काही दिवसांत निर्णय फिरवला, पण अशा बंदीने देशातला भाव बाहेरच्या भावाखाली दबतो, आणि तो हमीभावाच्या यादीत कुठेच दिसत नाही. खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, पैशांच्या नडीला विकलेला कापूसही त्या यादीत नाही. हमीभाव आणि मिळालेला भाव यांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

आणखी एक खड्डा 2014 चा. त्या वर्षी चीनने साठाखरेदी थांबवून शिनजियांग प्रांतात टनाला 19,800 युआन लक्ष्यभाव जाहीर केला; बाजारभाव त्याखाली गेला की फरक शेतकऱ्याला. आलेखात भावातून मिळणारा आधार तिथे घसरतो. मी लिहून टाकलं, ‘चीनने हात काढला.’ गाईडनी लाल पेनाने गोल केला, बाजूला लिहिलं, ‘अनुदानाचा रकाना बघ.’ पैसा तिकडे गेला होता.

तक्ता दुरुस्त करून काकांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून 2013 ची ओळ शोधली आणि म्हणाले, “चीनचं सरकार रुई घेत होतं, म्हणजे जिनिंगवाल्याकडून. मग त्यातले कास्तकाराला किती पोचले?” त्या प्रश्नावर माझं चौथं प्रकरण उभं राहिलं.